अनुवाद होईपर्यंत

फातिकच्या कोर्टात अठ्ठावीस वर्षं झाली
मी, म्बान्यिक न्दोंग, दुभाष्या.
साक्षीदाराच्या कठड्यापासून साहेबांच्या टेबलापर्यंत
मोजून सात पावलं.
इकडून सेरेर निघते, तिकडे फ्रेंच पोचते,
वाटेत काय सांडलं ते मला माहीत असतं
आणि मला कुणी विचारत नाही.

घटनेत लिहिलंय : राजभाषा फ्रेंच.
खाली राष्ट्रभाषांची नावं, सहा,
त्यात आमचीही,
आणि शेवटी, जी जी भाषा लिपीत बसवली जाईल तीसुद्धा.
म्हणजे आधी वहीत ये, मग घरात घेऊ.
माझा मामा वहीत न येताच नव्वद वर्षं बोलला
आणि त्याची हाक तीन शेतं ओलांडून ऐकू यायची.

राजभाषा आणि राष्ट्रभाषा यांत फरक काय,
मुलीला शाळेत प्रश्न आला होता.
मी म्हटलं, एकीत अर्ज करायचा असतो,
दुसरीचा सत्कार.
तिला शून्य मिळालं.

त्या मंगळवारी तेनिंग सार उभी राहिली.
वाद शेताचा. बांधावर साचं झाड,
जे पावसात पानं टाकतं
आणि सगळं करपलं की हिरवं होतं.
ते तिच्या मामानं राखलेलं,
शेळ्यांपासून, कुऱ्हाडीपासून, एकदा सरकारी रस्त्यापासून.
कोणत्या फांदीखाली कुणाचं बारसं झालं
इथपासून तिनं सुरुवात केली.
वीस मिनिटं ती बोलत होती.
मी साहेबांना सांगितलं :
साक्षीदाराचा ताबा जुना आहे. कागद नाही.

मग तिनं विचारलं, खुर्चीतल्या माणसाचं आडनाव काय?
वान, कुणीतरी मागून बोललं.
तिनं कपाळावर हात मारून घेतला.
"वान! अरे, मग तू तर पुलार, म्हणजे माझा गुलाम!
गुलाम बसलाय
आणि मालकीण पाय दुखेस्तोवर उभी?"
हे ती वोलोफमध्ये म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून.

आमच्यात आणि त्यांच्यात ही थट्टा
पणज्याच्या पणज्यापासून चालत आलीय.
तिच्यावर रागावलेला माणूस अजून जन्मायचाय.
शिपाई हसला, दोन्ही वकील हसले,
प्रतिवादी तर गुडघ्यावर थापा मारत होता.
आणि साहेबांच्या नाकातून हसू फुटलं,
दाबलं, तरी फुटलंच.

मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला,
आणि माझ्याकडे पाहून फ्रेंचमध्ये म्हणाले :
अनुवाद.

कारण कायद्यानं त्यांनी अजून काही ऐकलंच नव्हतं.

सात पावलं.
त्या सात पावलांत मी गुलाम हा शब्द
उलटसुलट करून पाहिला.
फ्रेंचमध्ये त्याला साखळ्याच साखळ्या,
थट्टेची एक कडी नाही.
जसाच्या तसा पोचवला असता
तर तो कोर्टाचा अवमान होता, दंड, कदाचित कोठडी.
मी म्हटलं :
साक्षीदार माननीय न्यायालयाला अभिवादन करते.

टंकलेखकानं तेच टंकलं.

निकाल प्रतिवादीकडे गेला. त्याच्याकडे शिक्का होता.
तेनिंगनं जबानीच्या कागदावर अंगठा टेकवला,
वर आधीच छापलेलं होतं : वाचलं, मान्य आहे.
"ह्यात माझं काय काय आलंय?"
मी सांगितलं.
तिनं कागद उचलून उजेडात धरला,
मागच्या बाजूला काही आहे का पाहिलं.
"तुला पगार शब्दांवर मिळतो का रे?" तिनं विचारलं.
"मग पोरं उपाशी असतील तुझी."

साडेपाचला कोर्ट बंद.
मागच्या पडवीत शेगडीवर चहा, तिसरा पेला, सगळ्यात गोड.
साहेब पायातले बूट काढून चटईवर बसले
आणि वोलोफमध्ये म्हणाले,
न्दोंग, ती काय म्हणाली होती रे? पुन्हा सांग ना.
मी सांगितलं, हात कपाळावर मारून, तिच्यासारखं.
ते हसले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
म्हणाले, उत्तर होतं माझ्याकडे,
ओठावर आलं होतं.

तेनिंगची गाडी तोवर निघून गेली होती.